बाटलीच्या बुचामागचं रान

[पणजी, पहाट. वाटेवर पडलेली बुचाची फुलं.]

लांब देठाच्या या फुलांच्या वेण्या लहानपणी आपण सगळ्यांनीच गुंफल्यात. या झाडाच्या सालीची हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून नाव पडलं बूच. खरं बूच मात्र ओकच्या एका जातीचं. पोर्तुगीज त्या झाडाला म्हणतात सोब्रेइरू.

[पोर्तुगाल, आलेंतेजू. विरळ झाडी, खाली चरणारी डुकरं.]

जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालातून येतं. झाड साधारण २५ वर्षांचं होईस्तोवर सालीला हात लावायचा नाही. मग उन्हाळ्यात, साल सुटी झाली की कुऱ्हाडीनं चिरून तिचे लांबलचक तुकडे उतरवायचे. घाव जरा खोल गेला तर झाड जायबंदी. पुढची साल निदान ९ वर्षांनी. बाटलीला चालेलशी साल मिळते तिसऱ्या खेपेला, झाडानं चाळिशी ओलांडल्यावर! आपला कलमी काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षीच बोंडं धरतो.

एवढी वाट पाहणारा माणूस झाड तोडेल कशाला? परवानगीशिवाय तोडायला कायद्यानंही बंदी आहे.

[क्रौंचांचा थवा उतरतो.]

झाड उभं, म्हणून बाकीचेही टिकून. हिवाळ्यात उत्तर युरोपातले क्रौंच इथं ओकची फळं टिपायला येतात. उंच, जुन्या झाडांवर गरुडांची घरटी असतात. जे नावाचा पक्षी फळं जमिनीत पुरून ठेवतो, काही विसरतो, आणि तिथं रोप उगवतं. गुरं जास्त झाली तर मात्र ते रोप चरून फस्त! खालच्या झुडपांत ससे, आणि सशांमागे आयबेरियन लिंक्स. २००२ च्या सुमारास हे रानमांजर शंभराहून कमी उरलं होतं. पैदास करून रानात सोडल्यावर सावरलं.

[गोवा, सत्तरी तालुका. ऐनाचं खोड, जवळून.]

वणवा आला तरी जाड सालीमुळे सोब्रेइरू वाचतो, पण नुकती सोललेली झाडं होरपळतात. गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी, म्हणजे ऐन. मगरीच्या पाठीसारखी त्याची सालही आगीला सहजी दाद देत नाही. सोब्रेइरू इथं लावावा का? त्याला पाऊस हिवाळ्यात लागतो, उन्हाळा कोरडा. आपलं सगळं उलटं. त्यापेक्षा माट्टी लावलेली बरी.

[पुन्हा आलेंतेजू. सोललेलं तांबूस खोड, त्यावर पांढरा आकडा.]

खोडावर रंगवलाय ५. साल उतरवली २०२५ साली. आता २०३४ पर्यंत कुणी शिवणार नाही.