घरचा सर्व्हर, उघडं पोर्ट

पडद्यावर सरकणाऱ्या या ओळी घरात चालणाऱ्या एका छोट्या सर्व्हरच्या लॉगमधल्या आहेत. ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’. लगेच पुन्हा तेच. मग ‘अ‍ॅडमिन’, मग ‘टेस्ट’, मग ‘पाय’ (रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचं ठरलेलं नाव): कुणीतरी नेहमीची युजरनेम एकेक करून वापरून पाहतंय. या सर्व्हरबद्दल कुणालाही सांगितलेलं नाही. राउटरवर पोर्ट २२, म्हणजे एसएसएचने बाहेरून सर्व्हरवर लॉगिन करायचं दार, उघडलं, एवढंच.

सांगावं लागतच नाही. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तिचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं आणि एकाच संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, ही सगळी पत्त्यांची यादी पाऊण तासाच्या आत पिंजून काढता येते हे दाखवून दिलं. त्यामुळे ‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. पलीकडे माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. त्याला तुमचे फोटो नकोत, तुमचं मशीन आणि तुमचं इंटरनेट हवं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्याच उपकरणांचा लोंढा डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, सोडला गेला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात.

एसएसएचचा पासवर्ड-लॉगिन बंद करून फक्त ‘की’ (तुमच्या संगणकावर ठेवलेली गुप्त किल्ली-फाइल) ठेवली, तर लॉगमधले हे प्रयत्न निष्फळ ठरतात. पोर्टचा आकडा बदलल्याने गोंगाट कमी होतो, संरक्षण वाढत नाही.

सबडोमेनचं नाव गुप्त ठेवण्यावरही विसंबू नका. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेकडून साइटसाठी सर्टिफिकेट घेतलं, की ते नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि बॉट ती नोंदवही वाचतात. सर्टिफिकेटमुळे ब्राउझरमध्ये दिसणारं कुलपाचं चिन्ह वाटेतला मजकूर झाकतं. सर्व्हरवरच्या जुन्या प्लगिनमधलं भोक ते बुजवत नाही. त्यासाठी अपडेट वेळच्या वेळी हवेत.

आणि तरीही कधीतरी एखादं भोक सापडेलच. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधलं हार्टब्लीड नावाचं भोक उघड झालं, तेव्हा काळजीपूर्वक चालवलेले सर्व्हरही त्यात सापडले होते. म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: आत शिरलेल्याला तिथून काय काय दिसतं?

हे तपासणं सोपं आहे. सर्व्हरवर लॉगिन करा आणि तिथून घरातल्या लॅपटॉपला किंवा बॅकअपच्या एनएएसला (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या पेटीला) जोडून पाहा. उत्तर आलं, तर घुसखोरालाही येईल. घरातली बाकी उपकरणं आणि सर्व्हर यांच्यात भिंत हवी. सर्व्हरला वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क, द्या. घरातून सर्व्हरकडे जाता यावं, सर्व्हरने मात्र घराकडे स्वतःहून जोडणी सुरू करू नये, असा फायरवॉलचा नियम लावा. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःच पोर्ट उघडण्याची सोय) बंद, डीएमझेड (एका मशीनची सगळी पोर्ट बाहेर उघडणारी सोय) बंद. लागतं तेवढंच पोर्ट पुढे पाठवायचं, बहुतेकदा ४४३, सुरक्षित वेबसाइटचं.

सर्व्हर फक्त घरच्यांसाठी असेल, तर वेबचं पोर्ट उघडूच नका. वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा बंदिस्त बोगदा, वापरा. ओळखीची की नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे याचा सुगावा लागत नाही.

घुसखोरी झालीच, तर आधी नेटवर्कची वायर काढा. फायली निवडून साफ करत बसू नका, कारण मागे काय पेरलं गेलंय याची खात्री देता येत नाही. डिस्क पुसून सगळं नव्याने बसवा. डेटा घ्यायचा तो घुसखोरीच्या आधीच्या, सर्व्हरपासून तोडून ठेवलेल्या बॅकअपमधून. त्या मशीनवर ठेवलेला प्रत्येक पासवर्ड आणि प्रत्येक की त्याच दिवशी बदला.