‘समादियामि’: बौद्ध धम्माची ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ पंचशीलाचे हे पहिले वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेलेले असेल. पाली भाषेतल्या या वाक्यात चारच शब्द आहेत, आणि बौद्ध धम्माची ओळख करून घ्यायची तर त्या चार शब्दांपाशी आधी थांबावे असे मला वाटते. ‘पाणातिपाता’ म्हणजे प्राणघातापासून. ‘वेरमणी’ म्हणजे विरत होणे, मागे सरणे. ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकण्याची पायरी. आणि ‘समादियामि’ म्हणजे मी स्वतःवर घेतो. ‘हिंसा करू नकोस’ अशी आज्ञा या वाक्यात कोठेच नाही, कारण आज्ञा देणारा कोणी त्यात उपस्थितच नाही. बोलणारा आणि बांधून घेणारा एकच आहे, आणि तो जे बांधून घेतो त्याला त्याने शिक्षणाचे नाव दिले आहे. धर्म म्हटला की ‘तुम्ही काय मानता?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो. बौद्ध परंपरेत त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘मी हे करतो आहे’ अशा स्वरूपात मिळते, आणि आज तिच्या तत्त्वांचा परिचय करून देताना मी हाच धागा हातात धरणार आहे.

सिद्धार्थ गौतम यांचा जन्म शाक्य कुळात, आजच्या नेपाळमधील लुंबिनी येथे झाला. त्यांचा काळ रूढ गणनेनुसार इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा सांगितला जातो, तरी अनेक संशोधक तो बराच पुढे आणतात. परंपरेप्रमाणे २९व्या वर्षी त्यांनी घर सोडले, सहा वर्षे कठोर तपश्चर्या केली, आणि ती व्यर्थ आहे हे कळल्यावर अन्न घेऊन, नेरंजरा नदीच्या परिसरात, आजच्या बोधगया येथे ध्यानाला बसून संबोधी, म्हणजे पूर्ण ज्ञान, प्राप्त केली. त्यांनी अन्न घेतले म्हणून त्यांचे पाच सोबती त्यांना सोडून गेले होते. हाच माणूस पुढे सारनाथच्या मृगवनात, म्हणजे तेव्हाच्या इसिपतनात, त्यांच्याकडे येताना दिसला, तेव्हा ‘याच्या स्वागताला उठायचे नाही’ असे त्या पाचांनी आपसांत ठरवले. ठरवले खरे, पण तो जवळ येताच ते उठले. बुद्धांच्या पहिल्या प्रवचनाचे श्रोते हे असे रुसलेले लोक होते, ही गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. कारण भोगात बुडणे आणि देहाला छळणे या दोन्ही टोकांना टाळणारा मध्यम मार्ग सांगताना वक्त्याला प्रथम स्वतःच्या त्या जेवणाचेच समर्थन करावे लागले.

याच प्रवचनात चार आर्यसत्ये आली: दुःख आहे, दुःखाचा उगम आहे, दुःखाचा निरोध, म्हणजे शेवट, आहे, आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. शाळेच्या पुस्तकात आपण ही चार विधाने पाठ करतो आणि पुढे जातो. मूळ सुत्तात, म्हणजे प्रवचनाच्या पाली पाठात, मात्र प्रत्येक सत्याला एकेक काम जोडलेले आहे. दुःख पूर्णपणे जाणून घ्यायचे आहे, त्याचा उगम सोडून द्यायचा आहे, निरोध स्वतः अनुभवायचा आहे, आणि मार्ग अंगी बाणवायचा आहे. ही कामे आपल्या हातून पुरी झाली तेव्हाच आपण संबोधीचा दावा केला, असे बुद्ध तेथे सांगतात. म्हणजे दुःख आहे हे नुसते मान्य करून या शिकवणीत काहीच साधत नाही. ते मान्य करायला तसे कोणाला कष्ट पडतात?

येथे ‘दुःख’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या भाषेतला हाच शब्द आपली दिशाभूल करतो. मराठीत दुःख म्हटले की शोक, वियोग, आघात डोळ्यांपुढे येतात, आणि मग बुद्धांनी जगाकडे केवळ रडव्या डोळ्यांनी पाहिले असा ग्रह होतो. पाली ‘दुक्ख’ त्याहून बरेच विस्तृत आहे. वेदना आणि शोक हा त्याचा उघड भाग. दुसरा भाग सुखातच दडलेला आहे: आवडती गोष्ट हाती असतानाही ती जाईल ही रुखरुख, आणि ती गेल्यावर उरणारी पोकळी. तिसरा भाग सर्वांत सूक्ष्म आहे. जे जे कारणांनी घडलेले आहे ते कारणे बदलताच बदलते, म्हणून त्याच्यावर पूर्ण भार टाकून विसावता येत नाही, ही मूलभूत अस्थिरता. बुद्ध सुख नाकारत नाहीत. त्या सुखाला टिकण्याची हमी नाही, एवढेच दाखवून देतात.

उगमासाठी वापरलेला शब्द मात्र मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरजच पडू नये. तो आहे ‘तण्हा’, म्हणजे संस्कृत ‘तृष्णा’, आणि आपली ‘तहान’ त्याच शब्दातून आलेली आहे. इंद्रियसुखाची तहान, अमुक होण्याची, असण्याची तहान, आणि नकोशा गोष्टीतून, प्रसंगी अस्तित्वातूनच, नाहीसे होण्याची तहान असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. तहानेतून ‘उपादान’ येते. या शब्दाचे पालीत दोन अर्थ आहेत: घट्ट धरून ठेवणे आणि जळण. हा दुहेरी अर्थ ध्यानात ठेवला की ‘निब्बान’ म्हणजे निर्वाण हा शब्द एकदम उलगडतो, कारण त्याचा मूळ अर्थ विझणे असा आहे. राग (येथे संताप नव्हे, आसक्ती), द्वेष आणि मोह या तीन आगी जळण मिळाल्याने पेटत्या राहतात. धरून ठेवणे सुटले की जळण संपते आणि त्या विझतात. मुक्त पुरुष मृत्यूनंतर कोठे जातो, असे वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने विचारले, तेव्हा बुद्धांनी त्यालाच उलट विचारले की, जळण संपून विझलेली आग पूर्वेला गेली की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही, असे वच्छगोत्ताने मान्य केले.

मग हे धरून ठेवणारा ‘मी’ कोण? बौद्ध विचारातली सर्वांत अवघड आणि सर्वांत वेगळी गोष्ट येथे येते. रूप म्हणजे शरीर, वेदना म्हणजे सुखदुःखाची संवेदना, संज्ञा म्हणजे ओळखणे, संस्कार म्हणजे मनाच्या घडणी आणि विज्ञान म्हणजे जाणीव, या पाच स्कंधांचा, म्हणजे समूहांचा, प्रवाह म्हणजे व्यक्ती. त्याच्या आत किंवा मागे न बदलणारा असा आत्मा सापडत नाही. यालाच अनत्त, अनात्म म्हणतात, आणि अनित्यता व दुःख यांच्यासह ते अस्तित्वाच्या तीन लक्षणांपैकी एक मानले जाते. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचे उदाहरण आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो, आणि तरीही तो रथात बसूनच आलेला असतो. रथ हे नाव व्यवहारात खरे आहे. भागांपलीकडे रथ नावाची निराळी वस्तू मात्र नाही. आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा, हा आक्षेपही तेथेच येतो, आणि एका दिव्यावरून दुसरा दिवा लावावा तसे, काहीही उचलून पलीकडे न नेता प्रवाह पुढे चालतो, असे उत्तर मिळते. या उत्तराने सर्वांचे समाधान होते असे मी म्हणणार नाही. त्यावर बौद्ध आचार्यांनीच शतकानुशतके वाद घातले आहेत.

कर्माविषयीही असाच एक गैरसमज आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. ‘कर्म माझे!’ म्हणून आपण कपाळाला हात लावतो, तेव्हा कर्म म्हणजे नशीब. बुद्धांची व्याख्या याच्या नेमकी उलट दिशेला जाते: ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, म्हणजे ‘भिक्षूंनो, मी चेतनेला, हेतूला कर्म म्हणतो.’ जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्माचेच फळ असते, हे मत त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी इतर कारणेही त्यांनी मोजून दाखवली. त्यामुळे आजारी किंवा पीडित माणसाकडे बोट दाखवून ‘याने काहीतरी केले असणार’ असे म्हणण्याला या शिकवणीत आधार नाही. सृष्टिकर्त्या ईश्वरालाही या मांडणीत स्थान नाही. सुत्तांमध्ये देव भेटतात, पण तेही जन्ममृत्यूच्या फेऱ्यातलेच असतात.

जग शाश्वत आहे की नाही, सान्त आहे की अनंत, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आपण साधना करणार नाही, असे मालुंक्यपुत्त या भिक्षूने बजावले, तेव्हा त्याला मिळालेला दृष्टान्त प्रसिद्धच आहे. विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचे कूळ, त्याची उंची, धनुष्याची दोरी कशाची होती हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर ते कळण्याआधीच तो मरेल.

बाण काढण्याचा उपाय म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी ही त्याची आठ अंगे असून शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन गटांत ती मांडली जातात. कर्मान्त म्हणजे आचरण, व्यायाम म्हणजे येथे मनाचा प्रयत्न, आणि स्मृती म्हणजे सावध जाणीव. आजीविकेला यात स्वतंत्र जागा मिळाली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे: शस्त्रे, सजीव प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सुत्तात सांगितले आहे. पोट भरण्याची रीत साधनेच्या बाहेर ठेवलेली नाही.

गृहस्थाची सुरुवात त्रिसरणाने होते. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जात असल्याचे तीन वेळा उच्चारायचे, आणि मग पाच शीले घ्यायची: प्राणघात, न दिलेले घेणे, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून विरत राहण्याची. पाचव्या शीलात कारणही शब्दातच गुंफलेले आहे, कारण तेथे मद्याला ‘पमादट्ठान’, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण, म्हटले आहे. सावधपणा गेला की उरलेली चार शीले कशाच्या आधारावर उभी राहणार? बुद्धमूर्तीपुढे फूल वाहतानाची पाली गाथाही अशीच आहे. तीत म्हटले आहे की, हे फूल जसे कोमेजते तसाच माझा देहही विनाशाकडे जातो. बाहेरून पाहणाऱ्याला ती पूजा दिसते. वाहणाऱ्यासाठी तो अनित्यतेचा पाठ असतो.

ध्यानाविषयी आज इतके बोलले जाते की त्याचा साधेपणाच हरवतो. आनापानसतीत, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवण्याच्या ध्यानात, श्वास रोखायचा नसतो, लांबवायचाही नसतो. दीर्घ श्वास आत येत असेल तर तो दीर्घ आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. मन भटकले की ते भटकल्याचे जाणून परत आणायचे. सतिपट्ठान सुत्तात हीच जाणीव शरीर, वेदना, चित्त आणि चित्तात उठणारे विषय अशा चार क्षेत्रांत वाढवत नेली आहे, आणि चालणे, उभे राहणे, खाणे, इतकेच काय मलमूत्रविसर्जन यांचाही तिच्यात समावेश आहे. शेजारीच मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना येते. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे. चारांत हीच सर्वांत कठीण असावी. उपेक्षा म्हणजे मराठीतली हेळसांड नव्हे, तर समतोल. प्रयत्न किती करावा हे सोण या भिक्षूला सांगताना बुद्धांनी त्याच्या पूर्वायुष्यातल्या वीणेची आठवण करून दिली: तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, आणि सैल सोडल्या तरीही नाही.

ही शिकवण पुढे अनेक देशांत अनेक रूपे घेत गेली. श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे थेरवाद, चीन, कोरिया, जपान येथे महायान, तिबेट आणि भूतान येथे वज्रयान; कोठे सर्व जीवांच्या मुक्तीचा संकल्प करणारा बोधिसत्त्व केंद्रस्थानी आला, तर कोठे अमिताभ बुद्धाचे नामस्मरण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला आणि प्रज्ञा, करुणा, समता यांवर भर देत त्याला सामाजिक मुक्तीचा अर्थ दिला, तेव्हाही त्रिसरण व पंचशीलाच्या जोडीला २२ प्रतिज्ञा आल्या. प्रतिज्ञा, म्हणजे पुन्हा स्वतःवर घेणेच.

घेतलेले शील मोडले तर काय, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आला असेल. गृहस्थ ते पुन्हा घेतो. भिक्षूंसाठी थेरवादी विनयात, म्हणजे संघाच्या शिस्तीच्या नियमावलीत, २२७ नियम आहेत, आणि दर पंधरवड्याला, अमावास्येला व पौर्णिमेला, त्यांचे पठण होते. त्याआधी ज्याच्या हातून लहानसहान नियम मोडला असेल तो दुसऱ्या भिक्षूपुढे बसून आपला दोष सांगतो. ऐकणारा ज्येष्ठ त्याला विचारतो, ‘पस्ससि, आवुसो?’ म्हणजे, ‘दिसतो का तुला तो दोष?’ तो म्हणतो, ‘आम भन्ते, पस्सामि’, हो, दिसतो. ‘आयतिं संवरेय्यासि’, पुढे सांभाळ, एवढेच ज्येष्ठ भिक्षू सांगतो. आणि पहिला उत्तर देतो: ‘साधु सुट्ठु, भन्ते, संवरिस्सामि.’ बरे आहे, सांभाळीन.