पिशवी काढण्याआधी

(ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं. टोळी निघाली आहे.)

दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात आणि बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांची मिळून, हातात मात्र बहुधा नवऱ्याच्या. एक दिवस फडात, म्हणजे उसाच्या शेतात, गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे टोळी नेणारा मुकादम कापणारच. पाळीत पोट दुखतंय म्हणून तो माफ होत नाही.

२०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

(फडात मोळी बांधणारे हात.)

अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जायची. 'पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल' एवढं कानावर पडलं की संपलंच. 'लेकरं झाली, आता पिशवी कशाला?' असं घरचेही म्हणायचे. अशा बायांना अडाणी म्हणून मोकळं होता येतं. पण पिशवी गेली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही, हा हिशेब त्यांनी चोख केला होता. बाकीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गामुळे असतं, ते औषधानं बरं होतं. फडात ना पुरेसं पाणी, ना आडोसा. संसर्ग होईल नाहीतर काय? पाळीत जास्त जात असेल तरी आधी गोळ्या-औषधं करून बघता येतात. पिशवीबरोबर बीजकोशही (अंडाशय) काढले, तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यावरचे त्रास मागे लागतात: अंगाची लाही, उडालेली झोप, ठिसूळ होत जाणारी हाडं. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं. हे मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बाईला!

(सरकारी रुग्णालयाची ओपीडी.)

पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते बरंच झालं. तरी टेबलावर जाणारी बाई आहे, तेव्हा विचारायचं तिनंच. सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं? गाठ असेल तर केवढी? कॅन्सरची भीती घालताय, तर पिशवीच्या तोंडाची तपासणी केली का? बीजकोश ठेवणार ना? आणि रिपोर्ट माझ्याकडे द्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येते.

रक्त थांबतच नसेल, तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. एरवी चार दिवसांत पिशवी कुठं पळून जात नाही.