केळफुलावरचा शिंजीर

जळगावच्या रावेर-यावलकडे केळीची बाग निसवायला, म्हणजे केळफुलं बाहेर पडायला लागली की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. ‘सर, आमच्या केळीवर हमिंगबर्ड आलाय!’ मित्रहो, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. केळफुलातला मध प्यायला येतो तो आपला शिंजीर. पण ही चूक मला मनापासून आवडते, कारण पाहणाऱ्याने नेमकी खूण टिपलेली असते: लांब बाकदार चोच, उन्हात चमकणारी पिसं, फुलापुढची फडफड. घराणी मात्र फार लांबची. हमिंगबर्डच्या नात्यात पाकोळ्या (स्विफ्ट पक्षी), शिंजिराच्या नात्यात चिमण्या. वेगळ्या घराण्यांनी सारख्या गरजेपोटी सारखी घडण कमावली, यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

रूपाचं ठीक, पण जिभेचं काय? गोड ओळखायला आपल्याला दोन प्रथिनांची जोडी लागते, टी१आर२ आणि टी१आर३. पक्ष्यांच्या पूर्वजांनी टी१आर२चं जनुक कधीच गमावलं. कोंबडीतही ते नाही. मग मधावर जगणाऱ्यांना गोडी कळते कशी?

२०१४ साली जीवशास्त्रज्ञ मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. टी१आर१ आणि टी१आर३ अशी दुसरी एक जोडी आहे. तिचं मूळ काम अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, चव ओळखण्याचं, ज्या चवीला उमामी म्हणतात. हमिंगबर्डमध्ये हीच जोडी बदलून साखर ओळखू लागली. त्याच्या टी१आर३मधल्या १९ जागांचे बदल त्यांनी कोंबडीच्या टी१आर३मध्ये घातले, आणि तीही जोडी साखरेला प्रतिसाद देऊ लागली! पाकोळीची जोडी मात्र साखरेला दाद देत नाही. म्हणजे हा बदल पाकोळ्यांपासून फारकत झाल्यानंतरचा.

२०२१ साली गाणाऱ्या पक्ष्यांचं कोडं सुटलं. त्यांच्या आद्य पूर्वजांतच ही उमामीची जोडी साखरेकडे वळली होती, तीही हमिंगबर्डशी काही संबंध नसताना. हत्यार तेच, पण त्यातली बदललेली अमिनो आम्लं वेगळी. शिंजिराला गोडी मिळाली ती या वारशातून. पपईला चोच मारणारा बुलबुलही याच घराण्यातला. सगळं गाणारं कुळ एकाच जुन्या बदलाचं देणं लागतं, हे मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

अभिसारी उत्क्रांतीचं दुसरं उदाहरण जळगावमधल्याच हतनूरच्या जलाशयावरचं. हिवाळ्यात तिथे उतरणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा साखळ्यांचं बनतं. विरळ हवेतून प्राणवायू पकडायला त्यांच्या अल्फा साखळीत ११९व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनिन आहे. दक्षिण अमेरिकेतल्या उंच अँडीज पर्वतावर राहणाऱ्या अँडीज हंसात बदल आहे तो बीटा साखळीत, ५५व्या जागी. साखळ्या वेगळ्या, पण या दोन जागा हिमोग्लोबिनमध्ये एकमेकींना टेकलेल्या असतात. एकाने सांधा या बाजूने सैल केला, दुसऱ्याने त्या बाजूने.