वरून सुका, आतून ओला

नमस्कार, श्रोतेहो. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत उभं राहून कधी पायाने थापटून पाहिलंय? घट्ट वाटणारी वाळू बघता बघता लिबलिबीत होते, पाणी वर येतं आणि पाय आत जातो. आता हीच वाळू चाळीस हजार टन आहे आणि जहाजाच्या पोटात आहे, असं समजा.

निकेलचं खनिज किंवा लोहखनिजाचा चुरा बल्क कॅरिअरमध्ये, म्हणजे पोत्यांत न भरलेला माल नेणाऱ्या जहाजात, सुटाच ओततात. ढीग वरून कोरडा दिसतो, पण बारीक कणांच्या फटींत पाणी दडलेलं असतं. इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे यांनी फटी आकसतात, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ढिगाचा रबरबीत चिखल होतो. जहाज डावीकडे कललं की चिखल डावीकडे वाहतो. उजवीकडे मात्र सगळा परतत नाही. पुढच्या हेलकाव्याला आणखी थोडा तिथेच राहतो. टाकीतलं पाणी निदान परत तरी येतं! मग जहाज उलटायला काही मिनिटंही पुरतात.

2010च्या अखेरीस इंडोनेशियातून निकेलचं खनिज नेणारी तीन जहाजं सहा आठवड्यांच्या आत बुडाली. 44 खलाशी गेले. 2 जानेवारी 2015 रोजी 'बल्क ज्युपिटर' व्हिएतनामजवळ बुडालं. मलेशियातल्या क्वांतानमध्ये त्यात 46,400 टन बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, भरलं होतं, तेही पावसाच्या दिवसांत. 19 जणांपैकी वाचला एकटा मुख्य आचारी.

असा माल भरण्याआधी त्यातला ओलावा आणि त्याची सुरक्षित मर्यादा लेखी द्यावी लागते. 2011पासून हा नियम जगभर बंधनकारक आहे. पण कागद तयार झाल्यावरही उघड्यावरचा ढीग पावसात भिजतोच की!

म्हणून जहाजावर एक साधी चाचणी करतात. डबा अर्धा मालाने भरायचा आणि वीतभर उंचीवरून टणक जागेवर 25 वेळा आपटायचा. वर पाणी चमकलं, की भरणी थांबवून नमुना प्रयोगशाळेत. बोलायला सोपं आहे. खोळंबलेल्या जहाजाचा खर्च रोज चढत असतो, माल पाठवणारा डोक्यावर उभा असतो आणि कॅप्टनच्या हातात पुरावा काय, तर एक डबा!

आणि डब्यात पाणी दिसलं नाही, तरी निर्धास्त व्हायचं नाही. मूठभर माल घेतला तो नेमका ढिगाचा सुका कोपरा असू शकतो.