टिटवीचा हट्ट

नमस्कार श्रोतेहो.

'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण हल्ली फारशी कानावर पडत नाही. किरकोळ समजलेल्या माणसानं मोठं काम करून दाखवलं की जुनी माणसं ती वापरत. तिच्यामागची गोष्ट पंचतंत्रातल्या पहिल्याच भागातली, म्हणजे मित्रभेदातली आहे.

समुद्रकाठी टिटव्यांचं जोडपं राहत असतं. अंडी घालायची वेळ येते तेव्हा टिटवी म्हणते, ''इथवर भरती येते, दुसरी जागा बघा.'' टिटवा म्हणतो, ''समुद्राची काय बिशाद!'' समुद्र ते ऐकतो. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारा हा पक्षी करून करून काय करणार, बघू तरी, म्हणून तो अंडी उचलून नेतो.

टिटवा इरेला पेटतो. चोचीनं उपसून समुद्र कोरडा करीन, म्हणतो. बायको त्याला विचारते, गंगा शेकडो नद्या घेऊन रोज ज्यात येऊन मिळते, तो तुमच्या थेंबभर चोचीनं कसा आटणार? तरी तो मागे हटत नाही. मग तीच सुचवते, एवढं वैर धरायचंच आहे, तर बाकीच्या पाखरांना तरी हाक मारा. पाखरं जमतात, गरुडाकडे गाऱ्हाणं जातं, गरुड विष्णूला गळ घालतो. विष्णूनं अग्निबाण रोखला तेव्हा कुठे समुद्र मुकाट्यानं अंडी परत करतो.

म्हणजे समुद्र काही आटला नाही! आणि सगळं श्रेय टिटव्याच्या चिकाटीला द्यायलाही माझं मन तयार नाही. सुरुवातीला तर ती नुसती फुशारकी होती. तिला वाट दाखवली बायकोनं. पण तो हटून बसला नसता, तर ही पाखरं जमली तरी कशाला असती?

खरी टिटवीही अशीच, आपल्याच तऱ्हेची. तिच्या पायाचं मागचं बोट अगदी नावापुरतं, त्यामुळे फांदी पकडून बसणं तिला जमत नाही. घरटं म्हणावं असंही काही नाही. उघड्या माळावर जरासा खळगा, कडेला चार खडे आणि मध्ये मातकट, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. उन्हाळ्यात जमीन तापली की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसते. दिवसातून पुन्हा पुन्हा. कथेतला टिटवा चोचीनं पाणी बाहेर काढायला निघाला होता, ही पोटाखाली पाणी वाहून आणते. ही मेहनत मला त्या कथेहून भारी वाटते.

आपल्याकडे रात्री टिटवी ओरडली की अपशकुन मानतात. बिचारी राखण करत असते. कुत्रं, मुंगूस, गुरं, माणूस, कोणीही जवळ आलं की ती डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करते, वेळ पडली तर अंगावर झेपावते. पिल्लांपासून लक्ष हटवायला पंख मोडल्याचं सोंगही आणते.

तेव्हा मार्च ते ऑगस्टच्या दिवसांत माळावरून जाताना टिटवी अशी डोक्यावर ओरडू लागली, तर आधी पायाखाली नीट बघा आणि आल्या पावली मागे फिरा.

नमस्कार.