आर्मांडी: एका पाद्र्याचे नाव मिरवणारी वेल

मार्च महिना लागला तरी इंग्लंडमधील बहुतेक झाडे उघडीबोडकी असतात. अशा दिवसांत एखाद्या जुन्या विटांच्या भिंतीवर पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस ओळंबलेले दिसतात आणि फाटक उघडण्याआधीच त्यांचा वास येऊन पोहोचतो. कोणाला तो बदामासारखा वाटतो, कोणाला व्हॅनिलासारखा. ही वेल म्हणजे क्लेमॅटिस आर्मांडी. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीत झुडपांवर पसरणारी आपली मोरवेल हीदेखील क्लेमॅटिसच. तिच्या फळांवरचे पिसांसारखे शुभ्र तुरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आर्मांडीची फळेही ओळखीची वाटतील.

मात्र आर्मांडीचे माहेर चीनमध्ये आहे. मध्य आणि दक्षिण चीनच्या डोंगरांत, ओढ्यांच्या काठी आणि रानाच्या कडेला ती झाडाझुडपांवर चढते. तिकडे तिला मान आहे तो फुलांसाठी नव्हे, खोडासाठी. या वेलीच्या आणि हिमालयातही आढळणाऱ्या क्लेमॅटिस मोंटानाच्या वाळलेल्या खोडाच्या चकत्या चिनी औषधशास्त्रात ‘चुआन मू तोंग’ या नावाने लघवी साफ होण्यासाठी दिल्या जातात.

युरोपला या वेलीची ओळख झाली ती वाळलेल्या रूपात. आर्मां दाविद हे फ्रेंच पाद्री चीनमध्ये धर्मकार्यासाठी गेले होते, पण त्यांचे नाव राहिले ते निसर्ग अभ्यासक म्हणून. महाकाय पांडाची ओळख त्यांनीच 1869 साली पाश्चात्त्य जगाला करून दिली. त्यांनी पॅरिसला धाडलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा अभ्यास करताना 1880च्या दशकात आद्रियाँ फ्रांशे या वनस्पतिशास्त्रज्ञाने या वेलीचे वर्णन केले आणि तिला दाविद यांचे पहिले नाव दिले. त्यांचे आडनाव याआधीच एका झाडाच्या वाट्याला गेले होते. ते झाड म्हणजे डेव्हिडिया. त्याच्या फुलांभोवतीची मोठी पांढरी पाने वाऱ्यावर हलताना वाळत घातलेल्या रुमालांसारखी दिसतात.

पुढे ही वेल बागेत आली तीही या झाडाच्या मागोमाग. 1899 साली लंडनच्या व्हीच या प्रसिद्ध रोपवाटिकेने अर्नेस्ट हेन्री विल्सन या तेवीस वर्षांच्या माळ्याला चीनला पाठवले, ते डेव्हिडियाचे बी आणण्यासाठी. चीनमधली घेण्याजोगी झाडे बहुतेक येऊन चुकली आहेत, तेव्हा इकडेतिकडे भटकण्यात वेळ आणि पैसा घालवू नये, अशी मालकांची ताकीद होती. चीनच्या युनान प्रांतात राहणाऱ्या ऑगस्टीन हेन्री या वनस्पती अभ्यासकांनी विल्सनला हाताने एक नकाशा काढून दिला. सुमारे वीस हजार चौरस मैलांच्या मुलखात त्यावर एकाच झाडाची जागा दाखवलेली होती. 25 एप्रिल 1900 रोजी विल्सन तेथे पोहोचला, तेव्हा झाडाचा बुंधा तेवढा उरला होता आणि त्याचे लाकूड शेजारच्या नव्या घराला लागले होते. काही आठवड्यांनी त्याला दुसरीकडे फुललेले डेव्हिडिया सापडले. पण मालकांची ताकीद त्याने मनावर घेतली नाही हे बरेच झाले, कारण याच मोहिमेतून 1900 साली आर्मांडी इंग्लंडच्या बागांत आली. व्हीच यांचा व्यवसाय 1914 साली बंद झाला. वेल मात्र पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बागांपर्यंत पसरली.

आता पान जवळून पाहू. एका देठावर तीन पर्णिका, प्रत्येक पर्णिका लांबट, चामड्यासारखी जाड आणि चकचकीत, आणि तिच्यावर बुडापासून टोकाकडे धावणाऱ्या तीन ठळक शिरा. आपल्या मसाल्याच्या डब्यातले तमालपत्र बाहेर काढून शेजारी ठेवले, तर शिरांची ठेवण तीच दिसेल. कोवळे पान तांबूस असते. या वेलीला तणावे नसतात. पानाचा देठच तारेला किंवा काटकीला स्पर्श होताच तिच्याभोवती वळतो आणि वेल वर चढते. फुलात आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्याही पाकळ्या नव्हेत, ती पांढरी झालेली निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले आहेत.

बहुतेक क्लेमॅटिस हिवाळ्यात पाने टाकतात, ही सदाहरित आहे आणि तिची अडचणही तिथेच आहे. कडक थंडी आणि बोचरा वारा तिला सोसत नाही, म्हणून इंग्रज माळ्यांनी तिला दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा आसरा दिला. दिवसभर तापलेली वीट रात्री ऊब सोडते आणि कळ्या वाचतात. दुसरा दोष दिसण्याचा. जुनी पाने तपकिरी होतात, पण गळून न पडता आतल्या बाजूला लटकत राहतात, त्यामुळे फुलांच्या पडद्यामागे कागदी कचरा साठल्यासारखे वाटते. बियांपासून केलेली रोपे एकसारखी निघत नाहीत, काहींची फुले अगदीच किरकोळ असतात. म्हणून जाणकार लोक ‘स्नोड्रिफ्ट’ किंवा गुलाबी छटेचे ‘ॲपल ब्लॉसम’ यांसारखे नावाजलेले वाण मागतात, आणि तेही शक्यतो फुलावर असताना पाहून घेतात.

कळ्या आदल्या वर्षीच्या फांदीवर धरतात. त्यामुळे शरद ऋतूत बाग आवरण्याच्या उत्साहात कोणी वेल छाटली, तर पुढच्या मार्चमध्ये भिंत हिरवीच राहते. कात्री चालवायची ती फुले सुकताच. मग नवे तांबूस शेंडे उन्हाळाभर तारेवर देठ वळवत वर सरकतात.